ओलाव्याचं मूळ

बातगोल, छोंगयांग
२१ एप्रिल १९७४

भाऊजी,

तुम्ही बरे आहात असं धरूनच लिहायला बसलेय. विचारून उत्तर येत नाही, मग विचारायचं तरी कशाला? वर्षाला एक कार्ड येतं. पुढे बर्फातलं चर्च आणि मागे "वहिनी, मी ठीक आहे." तुमच्या जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत शाई एवढी महाग आहे का हो?

घरात तुमचं नाव निघत नाही. तुमच्या दादांसमोर काढलं की ते उठून अंगणात जातात. मामंजींना उठलं की धाप लागते, म्हणून ते बसल्या जागी तोंड भिंतीकडे करतात. तेव्हा हे पत्र मी माझ्या जबाबदारीवर लिहितेय.

आपल्या उतारावरचं काढ्याच्या मुळांचं पीक, मेंगमुन्दोंग, काल निघालं. यंदा मुळं चांगली पोसलीत, भुईमुगाच्या कोवळ्या शेंगेएवढ्या गाठी आहेत. धुऊन, भिजवून आता आम्ही बायका ओसरीवर शिरा ओढत बसलोय. मुळाचं टोक चिमटीत धरायचं, दुसरं दाताखाली, आणि आतली दोऱ्यासारखी शीर एका दमात बाहेर काढायची. लहानपणी तुम्ही शिरा ओढताना मुळंच खायचात म्हणे. शेजारची जेचॉनवाली काकू अजून सांगते, "इन्सूला कामाला बसवलं की निम्मा माल त्याच्या पोटात जायचा, गोड लागतो म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ओक्बुन, तू जरा हळू ओढ. नवरा परगावी गेला त्याचा राग मुळांवर का काढतेस?"

हो, ते सांगायचंच राहिलं. नव्या वर्षापासून तुमचे दादा तेजॉनला सिमेंटच्या गोदामात लागलेत. महिन्यातून एकदोनदा घरी येतात. उताराच्या एका तुकड्यावर चौघांचं भागत नाही. आमची मिरान पुढच्या वर्षी शाळेत जाईल. गोदामाचं काम जड आहे, पण उजेडातलं आहे, असं ते मामंजींना दोनदा म्हणाले. एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मामंजींचा खोकला आहे तसाच आहे. कोरडा. लाकडावर लाकूड घासावं तसा. सकाळ-संध्याकाळ मुळांचा काढा देते, तो घेतला की जरा वेळ घसा ओला राहतो आणि ते बोलतात. काल बोलले,

"तिकडं आता किती वाजले असतील गं?"

"तिकडं म्हणजे कुठं, मामंजी?"

"कुठं म्हणजे काय! तिकडं."

मी बोटांवर हिशेब केला. इकडे दुपार म्हणजे तुमच्याकडे पहाट. तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे उतरत असतील." कोण, कुठे, काही नाही. वाटी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे वळले.

भाऊजी, तुम्ही निघालात त्या दिवशी ते जे बोलले ते मीही दारामागून ऐकलं होतं. "वीस वर्षं सोन्याच्या खाणीत दगडाची धूळ खाल्ली, ती तुम्हा दोघांच्या डोक्यावर ऊन राहावं म्हणून. खाली उतरलास तर या पायरीवर पुन्हा चढू नकोस." ते बोलले, तुम्ही चप्पल घातली आणि गेलात. पण बोलून झाल्यावर ते किती खोकले, ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. मी थांबले होते.

तुम्ही कुठल्या पाळीला जाता, सकाळच्या की रात्रीच्या, एवढं कळवा. त्यांनी विचारलं तर सांगता येईल.

तुमची वहिनी


१८ ऑगस्ट १९७४

भाऊजी,

उत्तर नाही. असू दे.

उतार आत्ता सगळा जांभळा झालाय. या फुलांना वास नाही, पण मधमाश्यांना कोण सांगणार? मामंजींना मी सकाळी बांधावर नेऊन बसवते. पूर्वी तिथवर एका दमात जायचे, आता वाटेत पर्सिमनच्या झाडाला टेकावं लागतं. टेकतात आणि झाडालाच शिव्या देतात, "हे पूर्वी इतकं लांब नव्हतं."

हाम वैद्य येऊन गेले. म्हातारे झालेत, पण नाडी धरली की डोळे अजून तसेच मिटतात. मी बाहेरपर्यंत पोचवायला गेले, तेव्हा म्हटलं, "काढा दुप्पट करू का?"

"सूनबाई, हे मूळ ओलावा देणारं आहे. कोरडं पडलंय त्याला ओलं करतं. फुप्फुसात बसलेला दगड धुऊन काढत नाही."

"मग देऊ नको?"

"द्यायचं. तहानलेल्याला पाणी देतो ते काय तो अमर व्हावा म्हणून देतो का?" थोडं चालले आणि पुन्हा वळले. "शिरा नीट काढ मात्र. शीर राहिली तर छातीत तगमग होते. त्यांची आहे तेवढी पुरे."

तुमचे दादा गेल्या आठवड्यात येऊन गेले. वाळलेत. मी त्यांचे कपडे ओढ्यावर नेले, तर पाणी बराच वेळ निवळेना. त्यांच्या कानाच्या घड्या धुतल्या तरी साफ होत नाहीत आणि पापण्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या दिसतात. जेचॉनवालीनं ओढ्यावरच सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तेसू तेजॉनला नाटकात लागला का? डोळे रंगवतो ते?" बायका हसल्या. मीही हसले. सिमेंट कुठल्या रंगाचं असतं ते मला ठाऊक आहे, भाऊजी. पण ते म्हणतात गोदाम, तर मी गोदाम म्हणते.

मामंजी परवा बांधावर बसून फुलांकडे बघत म्हणाले, "तिकडं गेल्यापासून तीन पिकं निघाली. म्हणजे याच पानगळीत तीन वर्षं भरतात." तुमचा करार तीन वर्षांचा, हे त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

भरतात ना, भाऊजी?

वहिनी


६ ऑक्टोबर १९७४

भाऊजी,

छुसोकचा सण झाला. पूर्वजांच्या पानापुढे तुमची जागा रिकामीच होती, पण यंदा मामंजींनी ती चटई गुंडाळून ठेवू दिली नाही. "असू दे, फरशी थंड आहे," म्हणाले. कुणीच बसणार नव्हतं तिथं, तर फरशी थंड असली काय आणि गरम असली काय!

होंगसोंगचा एकजण तुमच्याच खाणीतून करार संपवून परत आलाय. सणाच्या आदल्या दिवशी बाजारात त्याची गाठ पडली. मी विचारलं, आमचे इन्सू भाऊजी कधी येणार? तो म्हणाला, "तो नाही यायचा वहिनी, त्यानं तिकडंच राहायचं ठरवलंय." एवढंच म्हणाला आणि ओशाळल्यासारखा निघून गेला. घरी येऊन मी ते दोघांनाही सांगितलं. लपवून काय उपयोग? तुमचे दादा म्हणाले, "पुन्हा सही केली असणार. करू दे." आणि अंगणात गेले. मामंजी भिंतीकडे वळले. म्हणाले, "म्हणजे अजून खालीच."

आता दुसरं सांगते. हे सांगायचं की नाही, यावर माझे दोन दिवस गेले.

सणाच्या सकाळी पूजा चालली होती. तुमच्या दादांनी पूर्वजांना मद्य वाहिलं, वाकून नमस्कार केला आणि उठताना त्यांना खोकला आला. मोठा नाही, दोनच ढासा. मामंजींचा पेला धरलेला हात तसाच थांबला.

"तेसू, परत खोक बघू."

"अं?"

"परत खोक, म्हणतो."

"सर्दी झालीय, बाबा. गोदामात वारा फार लागतो."

"सर्दी नाकातून येते. हा खालून आला."

तुमचे दादा हसायला गेले आणि ते हसू वाटेत मोडलं. त्यांना पुन्हा ढास लागली. मामंजी मान खाली घालून ऐकत होते. मी सोंगप्योनचं ताट घेऊन उभी होते. त्या वाफवलेल्या तांदळाच्या करंज्या मिराननं स्वतः वळल्या होत्या. ती म्हणत होती, "आजोबा, ही वाकडी माझी, ती तुम्ही खा." त्यांनी ती तोंडात घातली, पण चावली नाही. तशीच धरून बसले.

संध्याकाळी तुमचे दादा परत गेले. मी पालेभाजी निवडत होते. मामंजी पाठीमागून म्हणाले,

"सूनबाई, तेजॉनची बस कुठल्या बाजूनं येते?"

"पूर्वेकडून, मामंजी."

"आणि तो काल उतरला ती पश्चिमेकडून कशी आली?"

मी निवडतच राहिले. सगळी निवडून झाली तरी निवडत राहिले.

पाळी कळवा, भाऊजी. सही केली असेल तर केली. निदान पाळी कळवा.

वहिनी


१५ डिसेंबर १९७४

भाऊजी,

हे पत्र लांबेल. कामाच्या आधी वाचू नका.

मामंजींनी बसमधल्या तिकीटवाल्या पोरीला गाठलं. रोज बसथांब्यावर जाऊन बसायचे, मला वाटायचं उन्हाला बसतात. एक दिवस त्यांनी तिला विचारलं, उंच आहे, उजव्या भुवईवर व्रण आहे, तो माणूस कुठं चढतो? ती बिचारी सरळ पोर. म्हणाली, "तो? तो शेवटच्या थांब्यावर चढतो, आजोबा. बोर्योंगच्या डोंगरातल्या कोळशाच्या खाणीवर. सगळे तिथलेच असतात, सीट पुसता पुसता माझा जीव जातो."

मंगळवारी सकाळी उठून पाहते तर मामंजी पांढरा लांब अंगरखा घालून, काळी टोपी बांधून दारात उभे. लग्नाला निघाल्यासारखे. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "बस आहे." मी मिरानला जेचॉनवालीकडे सोडलं आणि गाठोड्यात काढ्याची बाटली घेऊन मागोमाग धावले. ते नको म्हणाले नाहीत. नको म्हणायलाही दम लागतो.

बस घाट चढली तसं बर्फ दिसायला लागलं. शेवटच्या थांब्यावर बर्फही काळं होतं. खाणीच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "आजोबा, इथं काय काम?"

"आत माझी वस्तू राहिलीय. न्यायला आलोय."

"कसली वस्तू?"

"वर आली की दाखवतो."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तुमच्या दादांचं नाव सांगितलं. पाळी चारला सुटते म्हणाला, आत शेगडीजवळ बसा. मामंजी नाही बसले. म्हणाले, "तिथून तोंड दिसत नाही." खाणीचं तोंड दिसेल अशा एका ओंडक्यावर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून नुसतं त्या काळोख्या भोकाकडे बघत राहिले. मी काढा दिला, तो घेतला. वारा असा होता की माझे दात वाजत होते. मधेच म्हणाले, "तुझ्या सासूबाई अशा बसायच्या. मला वर आल्यावर राग यायचा, लोक हसतात म्हणून."

भोंगा झाला. माणसं बाहेर येऊ लागली. सगळी सारखीच काळी, डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसत होतं. मी नवऱ्याला ओळखू शकले नाही, भाऊजी. माझ्या समोरून गेले असते तरी कळलं नसतं. मामंजींनी चालीवरून ओळखलं. उभे राहिले.

तुमचे दादा जागीच थबकले. सोबतचे दोघंतिघंही थांबले.

"बाबा? तुम्ही... तुम्हाला कुणी सांगितलं?" मग माझ्याकडे बघून, "तू आणलंस यांना? या थंडीत?"

"तिनं नाही आणलं," मामंजी म्हणाले. "हात-तोंड धू. पाचची बस आहे."

"बाबा, घरी जा. सुट्टी मिळाली की मी येतो."

"सुट्टी नको. तू ये."

तेव्हा तुमचे दादा ओरडले. चारचौघांत बापावर ओरडले. "येऊन काय करू? चार माणसं कशावर जगवू? गवताच्या मुळांवर? एकजण तिकडं जाऊन बसला, त्याला काही नाही! राहिलो मी. मी काय करू ते सांगा, बाबा!"

मामंजी काहीतरी बोलायला गेले. तोंड उघडलं आणि खोकला आला. घरी येतो तसा नाही. ते वाकले, गुडघ्यांवर आले, पांढरा अंगरखा कोळशाच्या चिखलात. खोकला थांबेना. आणि ती सगळी माणसं, हसणारी, विडी पेटवणारी, सगळी गप्प झाली. तो आवाज त्यांना नवीन नव्हता. एक पिकल्या केसांचा मुकादम पुढे आला. त्यानं तुमच्या दादांच्या डोक्यावरचा दिवा लावलेला टोप स्वतःच्या हातानं काढून घेतला.

"जा तेसू. माझ्यासाठी कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला.

तुमचे दादा तसेच खाली बसले, पाठ करून. मामंजींना पाठीवर घेतलं. लहान मूल घेतात तसं. तोंडसुद्धा न धुता बसपर्यंत गेले. अंगरख्यावर जिथं जिथं हात लागले तिथं तिथं काळे पंजे उमटले. ते मी अजून धुतलेले नाहीत.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. घाट उतरताना मामंजींनी काचेकडे बघत म्हटलं,

"एकाला काढलं." थोडा वेळ गेला. "दुसऱ्याच्या खाणीपर्यंत बस जात नाही."

तुमचे दादा उठून गेले नाहीत, भाऊजी. बसमध्ये जाणार कुठं, असं तुम्ही म्हणाल. पण मी बाजूच्या रांगेतल्या सीटवर होते, मला दिसत होतं. ते रडत होते आणि गालावरून खाली दोन पांढऱ्या रेघा येत होत्या.

वहिनी


२३ फेब्रुवारी १९७५

भाऊजी,

मामंजी गेले.

तार करायची होती. तुमच्या पत्त्यावर केली, ती पोचली की नाही कळत नाही. मुलगा पोचला नाही एवढं मात्र सगळ्या गावानं पाहिलं.

त्या दिवशीच्या थंडीनं त्यांना धरलं ते सोडलंच नाही. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. हाम वैद्य आले, शहरातला डॉक्टरही आणला. दोघं अंगणात एकमेकांशी बोलले आणि दोघंही आत येऊन मला म्हणाले, त्यांना गरम ठेवा.

तुमचे दादा तेव्हापासून घरीच आहेत. एक सांगते, तुमचा विश्वास बसणार नाही. त्यांनी साठवणीतली मुळं भिजवून शिरा ओढल्या. पुरुषमाणूस, आम्हा बायकांत ओसरीवर मांडी घालून. जेचॉनवाली म्हणाली, "तेसू, ही गवताची मुळं आहेत रे, तुला चालतात का?" खाणीवरचं बोलणं गावात कसं पोचलं देव जाणे. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या जाड बोटांत मूळ टिकायचंच नाही, निम्मी तुटायची. त्याच तुटक्या मुळांचा काढा करून त्यांनी स्वतः मामंजींना पाजला. मामंजींनी घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"यात शीर राहिलीय."

"नाही हो बाबा, सगळ्या काढल्यात."

"राहिलीय. छातीत तगमग होणार आता." आणि हसले. तो खोकला नव्हता, हसूच होतं, मी नीट बघितलं. सगळी वाटी प्यायले.

गेले त्या दिवशी दुपार होती. ऊन दारातून अंथरुणापर्यंत आलं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि नेहमीचं विचारलं,

"तिकडं किती वाजले?"

मी सांगणार होते. पण तुमचे दादा म्हणाले, "सकाळचे सहा, बाबा."

"त्याची पाळी कुठली?"

मी खाली बघितलं. ती तर मलाही ठाऊक नव्हती. तुमच्या दादांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "रात्रपाळी. आता सुटेल. वर येतच असेल."

"मग थांबतो जरा," मामंजी म्हणाले.

आणि खरंच थांबले, भाऊजी. डोळे दाराकडे लावून थांबले. ऊन अंथरुणावरून सरकून भिंतीवर गेलं, तरी थांबले होते. दर थोड्या वेळानं तुमच्या दादांकडे बघायचे आणि दादा म्हणायचे, "येतोय, बाबा." ऊन भिंतीवरूनही गेलं. मग त्यांनी पुन्हा दादांकडे बघितलं नाही.

तिरडीमागे तागाचे कपडे घालून तुमचे दादा एकटेच चालले. दुसऱ्या मुलानं टेकायची शोकाची काठी करून ठेवली होती. ती कुणी घ्यायची यावर म्हातारी माणसं कुजबुजत होती. दादांनीच ती दुसऱ्या हातात घेतली. दोन काठ्या टेकत डोंगर चढले. वर पोचेपर्यंत तीनदा खोकायला थांबले.

वहिनी


८ एप्रिल १९७५

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पहिलं पत्र. चार पानांचं.

तुम्ही ऑक्टोबरातच खाण सोडलीत. इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करता. आपल्याच देशातल्या, चोल्लाकडच्या एका नर्सशी लग्न केलंत, ती चांगली आहे, तिचा हात उबदार आहे. वसतिगृह सोडलंत, म्हणून माझी त्यानंतरची पत्रं तिथं पडून राहिली आणि तुमच्या मित्रानं सगळी एकदम आणून दिली. तुम्ही ती एका बैठकीत वाचलीत. तार सगळ्यात वर होती.

आणि तुम्ही लिहिता की पत्रानं कळवायचं नव्हतं. बाबांपुढं जाऊन उभं राहायचं होतं, धुतलेले पांढरे हात दाखवायचे होते. याच उन्हाळ्यात येणार होतात.

मी रागावलेय, भाऊजी. तुमच्या बायकोला वाचून दाखवत असाल तर इथं थांबा, पुढचं एकट्यानं वाचा. एका कार्डावर मावलं असतं. "वर आलो." म्हाताऱ्याला तुमचे हात बघायचे नव्हते. त्याला पाळी हवी होती. तो रोज जेवताना तुमच्याबरोबर खाली उतरत होता आणि तुम्ही तिकडं उन्हात चादरी वाळत घालत होता. त्यांनी डोळे दाराकडे लावले तेव्हा तुम्हाला वर येऊन महिने झाले होते.

एवढंच. लिहून टाकलं, आता पुन्हा लिहिणार नाही. तुम्हालाही पोरकं झाल्याचं दुःख आहे, ते मला कळतं. पत्राच्या शेवटच्या पानावर शाई पसरलीय, ती पावसानं पसरलेली नाही.

तुमच्या दादांना मी पत्र शेतातच नेऊन दिलं. मुळं काढून झालीत. ते रोपांची बेटं फोडून पुन्हा लावत होते. मातीचे हात पुसून उभ्यानं वाचलं. मग बांधावर बसून वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं आणि उरलेली ओळ पुरी केली. हाम वैद्य म्हणतात, तेसू वेळेवर निघाला, धूळ फार खोल गेलेली नसावी. नसावी, असं म्हणतात. खोकला आहे. मी काढा देते.

दुसऱ्या दिवशी हानशिक होतं, थडग्यांवर माती घालायचा दिवस. आम्ही तिघं डोंगरावर गेलो. मामंजींच्या उंचवट्यावरचं गवत अजून धरलेलं नाही, दादांनी हिरवळीचे तुकडे दाबून बसवले. मद्य ओतलं. मिराननं नमस्कार केला आणि खाली पळाली. मला वाटलं झालं, मी गाठोडं बांधायला घेतलं.

तेवढ्यात ते थडग्यापुढे ओणवे झाले. दोन्ही हात तोंडाशी धरले. तुमच्या जाण्यानंतर त्यांच्या तोंडून मी कधी तुमचं नाव ऐकलं नव्हतं. विहिरीत माणूस उतरला असताना वरून हाक मारतात, तसे ओरडले,

"बाबा! इन्सू वर आला! ऐकलं का? इन्सू पानगळीतच वर आला, बाबा!"

आवाज समोरच्या डोंगरापर्यंत गेला. खालच्या शेतातल्या बायका कामं थांबवून वर बघायला लागल्या. ते पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले, मग ढास लागली आणि गवतावर बसले. मी पाठीवर हात फिरवत राहिले.

जरा शांत झाल्यावर मी त्यांना विचारलं, खाली असताना वरचं ऐकू येतं का हो? ते हिरवळीचा एक सुटलेला तुकडा पुन्हा दाबून बसवायला लागले.

भाऊजी, तुम्हीही खाली राहून आलात. तुम्ही सांगा.

ओक्बुन